बोअरसाठी भेगेची दिशा: दोन सर्वे, एकच आकृती आणि 90 अंशांचा फरक

प्रश्न थोडक्यात असा आहे. साक्री तालुक्यात 12 एकर जमीन, त्यात 4 बोअर. पहिल्या बोअरला 150 फुटांवर 2 इंची पाणी लागलं. त्याच्यापासून अवघ्या 35 फुटांवर दुसरा घेतला, तो 300 फूट जाऊनही कोरडा. पुढचे दोनही तसेच गेले. मग दोन वेगवेगळ्या सर्वेवाल्यांकडून जमिनीखालच्या भेगेची दिशा काढून घेतली. एकाने सांगितलं भेग पूर्व-पश्चिम, दुसऱ्याने सांगितलं उत्तर-दक्षिण. मशीन दोघांचं एकाच प्रकारचं. तर भेगेची दिशा जमिनीवरून खरंच मोजता येते का, की हे सगळं अंदाजपंचे चालतं?

मोजता येते. मी 28 वर्षं हेच काम करतो आहे, म्हणून ठामपणे सांगतो. पण मशीन दिशा सांगत नाही. मशीन आकडे देतं आणि त्या आकड्यांवरून दिशा माणूस काढतो. तुम्ही जोडलेल्या दोन्ही अहवालांतल्या आकृत्या मी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. दोन्ही अंड्यासारख्या लांबट आहेत आणि दोन्हींचा लांब अक्ष पूर्व-पश्चिम, किंचित ईशान्येकडे कललेला आहे. म्हणजे मोजणी दोघांचीही नीट झाली आहे आणि ती एकमेकांशी जुळतेही. फरक पडलाय तो वाचताना. असा फरक पडला की तो 10-20 अंशांचा नसतो, थेट 90 अंशांचा असतो. तो कसा पडतो ते खाली सविस्तर लिहितो, कारण या कामात सगळ्यात जास्त बोअर याच एका चुकीपायी वाया गेलेले मी पाहिले आहेत.

आधी दिशा म्हणजे काय ते नक्की करू. पाण्याने भरलेल्या टबात एक पाटी तिरकी धरा. पाण्याच्या पृष्ठभागाशी पाटीची जी आडवी रेघ दिसते ती भेगेची दिशा. पाटी पाण्यात ज्या कोनाने उतरते तो तिचा उतार. पुस्तकी मराठीत यांना नतिलंब आणि नती म्हणतात, शिवारात आम्ही स्ट्राइक आणि डिप असंच म्हणतो. शेतकऱ्याला सहसा फक्त दिशा सांगितली जाते, उतार कोणी सांगत नाही. पण तुमच्या 35 फुटांचं उत्तर उतारातही दडलेलं असू शकतं. समजा पहिल्या बोअरला 150 फुटांवर जी भेग लागली ती दक्षिणेकडे 75 अंशांनी उतरते आहे. मग तीच भेग 35 फूट दक्षिणेला घेतलेल्या बोअरमध्ये साधारण 280 फुटांवर लागेल. आणि 35 फूट उत्तरेला घेतलेल्या बोअरमध्ये ती 20 फुटांच्याही वर, म्हणजे केसिंगच्या (बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या पाइपच्या) आड जाईल. तिथे तुम्ही 300 फूट गेलात काय आणि 600 फूट गेलात काय, ती भेग पुन्हा भेटणार नाही.

आता मशीन बाजूला ठेवून पहिलं काम. तुमच्या शिवारात किंवा शेजारी जुनी मोठी विहीर असेल तर मे महिन्यात, पाणी तळाला गेल्यावर, तिच्यात उतरा. आपल्या भागात विहिरीच्या भिंती म्हणजे भेगांचं उघडं पुस्तक आहे. काळ्या पाषाणात उभ्या भेगा कुठून कुठे जातात, त्यांतल्या कोणत्या भेगेतून ओल पाझरते, कोणत्या भेगेत पांढरा चुनखडीचा लेप बसून ती बंद झाली आहे, हे सगळं हाताने चाचपून कळतं. नाल्याचं पात्र आणि खडीची खाणही तितकीच उपयोगी. कंपासने 30-40 भेगांच्या दिशा घ्या आणि वहीत उतरवा. कंपास खडकाला टेकवू नका, छातीच्या उंचीवर धरून भेगेच्या रेघेत नजर लावा, कारण बेसाल्टमध्ये, म्हणजे याच काळ्या पाषाणात, मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं आणि सुई भलतीकडे ओढली जाते. मी एकाच कातळावर हातभर अंतरात 15 अंशांचा फरक पाहिला आहे. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक मात्र आपल्याकडे इतका थोडा आहे की या कामापुरता तो सोडून दिला तरी चालतो.

हे 40 आकडे हातात नसताना केलेला कोणताही सर्वे मी अपुरा मानतो.

आता तुमच्या सर्वेवाल्यांनी काय केलं ते. जमिनीत चार सळया एका रेषेत ठोकतात. बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडतात आणि आतल्या दोन सळयांमध्ये किती व्होल्टेज पडतं ते मोजतात. त्यावरून खडकाचा विद्युतरोध निघतो. त्याचं माप ओहम-मीटर. आपल्याकडे काळी माती 10 ओहम-मीटरच्याही खाली दाखवते, पाण्याने भरलेला फुटका किंवा सच्छिद्र खडक काही दशकांत असतो आणि घट्ट काळा पाषाण शंभराच्या बराच वर जातो. पाण्याचा पॉइंट काढताना रेषा एकाच दिशेत ठेवून लांबवत नेतात. दिशा काढताना मात्र मधला बिंदू कायम ठेवून पूर्ण रेषा घड्याळाच्या काट्यासारखी 15-15 अंशांनी फिरवतात. अशी 12 वाचनं झाली की ती वर्तुळावर मांडतात. खडक सगळीकडून सारखा असेल तर वर्तुळ येतं. एकाच दिशेच्या उभ्या भेगांची रांग असेल तर अंडं येतं.

अंड्याचा लांब अक्ष म्हणजे विद्युतरोध जास्त असलेली दिशा. इथे कोणाच्याही मनात सरळ विचार येतो: भेगेत पाणी आहे, पाण्यातून वीज सहज जाते, म्हणून भेगेच्या दिशेने रोध कमी असणार, म्हणजे अंड्याचा आखूड अक्ष हीच भेगेची दिशा. तुमच्या दुसऱ्या सर्वेवाल्याने हाच विचार केला आणि उत्तर-दक्षिण लिहिलं. विचार पटण्यासारखा आहे, पण चूक आहे. एका रेषेतल्या चार सळयांनी मोजलं तर सगळ्यात मोठं वाचन भेगांच्या दिशेनेच येतं.

हे उलटं का होतं, ते आकड्यांत पाहू. समजा भेगांच्या बाजूने खडकाचा खरा रोध 80 आहे आणि भेगांना आडवं गेलं तर 180 आहे. दोहोंचा भागाकार सव्वादोन, त्याचं वर्गमूळ दीड. आता रेषा भेगांच्या बाजूने ठेवली. वाट सोपी म्हणून वीज त्या बाजूला गर्दी करते, जिथे आपण व्होल्टेज मोजतो तिथे नेहमीच्या दीडपट वीज येते. पण आपलं सूत्र धरून चालतं की वीज चहूकडे सारखीच पसरली आहे. त्या जादा विजेमुळे वाढलेलं व्होल्टेज सूत्राला खडकाचा रोध वाटतं आणि ते 80 ऐवजी 120 सांगतं. आता रेषा आडवी ठेवली. खडक सव्वादोनपट अडवतो, पण तिकडे वीजही सव्वादोन पटींनी कमी पोचते. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि सूत्र 180 ऐवजी 80 सांगतं. म्हणजे जिथे खरा रोध 80 तिथे 120 दिसतो आणि जिथे 180 तिथे 80. भूभौतिकीत याला विषमदैशिकतेचा विरोधाभास म्हणतात. तो शंभर वर्षांच्या जवळपास ठाऊक असलेला आहे, तरीही शिवारात रोज विसरला जातो.

मीही विसरलो होतो. काम सुरू करून तिसरं वर्ष होतं, नगर जिल्ह्यातलं एक गाव. अंडं सुंदर आलं होतं, 12 च्या 12 ठिपके रेघेवर बसलेले. मी आखूड अक्षाच्या बाजूने, चालू बोअरपासून 60 फुटांवर खूण केली. रात्री बोअरची गाडी लागली. पहाटेपर्यंत 320 फूट झाले आणि कोरड्या बोअरचा तो बारीक करडा धुरळा शेजारच्या लिंबाच्या पानापानावर बसला होता. शेतकरी काही बोलला नाही. त्याने गाडीवाल्यांसाठी आणि माझ्यासाठी चहा ठेवला आणि पैसे मोजून दिले. घरी येऊन मी सूत्र पुन्हा पहिल्या ओळीपासून मांडलं तेव्हा चूक कळली. त्या दिवसापासून प्रत्येक अहवालात आकृतीच्या खाली मी ‘मांडणी: सरळ रेषा, लांब अक्ष = भेगेची दिशा’ असं अक्षरांत लिहितो. तुमच्या दोन्ही अहवालांत मांडणीचं नावसुद्धा नाही. ते मागून घ्या.

मांडणीचं नाव इतकं महत्त्वाचं का, तर दुसरी एक मांडणी आहे, चौरसाची. तिच्यात चार सळया चौरसाच्या चार कोपऱ्यांवर ठोकतात. एका बाजूच्या दोन कोपऱ्यांतून वीज, समोरच्या बाजूच्या दोन कोपऱ्यांत व्होल्टेज. चौरसाची दिशा म्हणजे विजेच्या सळया ज्या बाजूवर आहेत त्या बाजूची दिशा. इथे नियम पुन्हा फिरतो: सगळ्यात मोठं वाचन येतं ती दिशा भेगांना काटकोनात असते. म्हणजे एकाच शेतात सरळ रेषेने आणि चौरसाने मोजलं तर दोन अंडी एकमेकांना आडवी येतील आणि दोन्ही बरोबर असतील. ब्रिटनमध्ये हॅबरजॅम यांनी 1960 च्या आणि 70 च्या दशकांत ही पद्धत बसवली. माझा कल स्पष्टपणे चौरसाकडे आहे. वरच्याच खडकात सरळ रेषा 120 आणि 80 दाखवते, म्हणजे दीडपट फरक. चौरस साधारण 182 आणि 46 दाखवतो, म्हणजे जवळपास चौपट. जमिनीवर वाचनात 10-15 टक्के चूक सहज होते. दीडपटीच्या अंड्यात ती चूक दिशा हलवून टाकते, चौपटीच्या अंड्यात ती पचून जाते. शिवाय चौरसाला जागा बरीच कमी लागते, आणि आपल्या लहान तुकड्यांच्या शेतात, बांधाला बांध लागून असताना, हे फार मोठं सुख आहे. चौरसात तपासणीची सोयही आहे. विजेच्या सळया आधी एका बाजूवर आणि मग तिला लागून असलेल्या बाजूवर घेऊन दोन वाचनं, आणि कर्णावर घेऊन तिसरं वाचन घ्यायचं. पहिल्या दोन वाचनांच्या रोधांतला फरक या तिसऱ्याएवढा यायला हवा. नाही आला तर कुठेतरी सळई सैल आहे किंवा वायर तुटली आहे, तिथेच थांबून दुरुस्त करायचं.

खोलीबद्दलही एक गैरसमज पक्का रुजला आहे. मधल्या बिंदूपासून एका बाजूला 100 मीटर वायर नेली म्हणजे 100 मीटर खोलीचं दिसलं, असं सांगतात. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेतल्या रॉय आणि अप्पाराव यांनी 1971 मध्येच दाखवून दिलं की श्लंबर्जर मांडणीत (सरळ रेषेचाच एक प्रकार, आतल्या दोन सळया जवळजवळ ठेवलेल्या) वाचनावर सर्वांत जास्त प्रभाव पडतो तो बाहेरच्या दोन सळयांमधल्या एकूण अंतराच्या आठव्या भागाएवढ्या खोलीचा. 200 मीटर अंतर असेल तर ते 25 मीटर झालं. खालचं अगदीच दिसत नाही असं नाही, पण तुमची भेग 150 फुटांवर म्हणजे 45 मीटरवर असेल, तर 200 मीटरच्या रेषेने तुम्ही मुख्यतः तिच्या वरचा खडक मोजला आहे.

आणि अंडं आलं म्हणजे भेगच आहे, असंही नाही. शेताच्या अर्ध्या भागात उसाला पाणी सुटलेलं आणि अर्धा भाग कोरडा असेल तरी अंडं येतं. एका बाजूने नाला, खाली पाइपलाइन, बांधावर तारेचं कुंपण यांनीही येतं. म्हणून माझा नियम असा: एका मध्यबिंदूवर कधीच थांबायचं नाही. 20-30 मीटर सरकून निदान तीन ठिकाणी तेच करायचं. भेगांची खरी रांग असेल तर अंड्याची दिशा तिन्ही ठिकाणी टिकते. शेजारच्या एखाद्या वस्तूचा प्रताप असेल तर मध्य हलला की अंडंही फिरतं. तुमच्याकडे दोन्ही सर्वे मिळून मध्यबिंदू एकच आहे. ऋतूही पाहावा लागतो. उन्हाळ्यात काळ्या मातीला हाताची बोटं जातील अशा भेगा पडतात, सळयांना पकड मिळत नाही, प्रत्येक सळईच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतलं तरी वाचन नाचत राहतं. पाऊस संपून जमीन वाफशावर आल्यापासून जानेवारीपर्यंतचा काळ या कामाला सगळ्यात चांगला.

आता साक्रीबद्दल खास. तुमचा भाग साधा दख्खनचा पठारी बेसाल्ट नाही. नंदुरबार-धुळे पट्ट्यात लाव्हाच्या थरांना चिरून वर आलेल्या डाइकांचा मोठा समूह आहे. शेतांतून काळ्या दगडांच्या लांबच लांब भिंतीसारख्या टेकड्या धावताना दिसतात, त्या ह्याच. 210 डाइकांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जाडी 3 मीटरपासून 62 मीटरपर्यंत आणि सर्वांत लांब डाइक 79 किलोमीटर नोंदला आहे. त्यांची प्रमुख दिशा पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैऋत्य. तुमच्या अंड्याचा लांब अक्ष जवळपास तिकडेच आहे. त्यामुळे मला पूर्व-पश्चिमवाला अहवाल जास्त खरा वाटतो. पण इथेच सावधही राहायला हवं, कारण तुमच्या शेताजवळून जमिनीखाली एखादा घट्ट डाइक गेला असेल तर तोही असंच अंडं काढू शकतो, आणि डाइक म्हणजे भेग नव्हे. घट्ट डाइक जमिनीखाली बंधाऱ्यासारखा पाणी अडवतो. वरच्या अंगाला पाणी साठतं, खालच्या अंगाला बोअर कोरडे जातात. डाइकच्या कडेचा खडक मात्र बऱ्याचदा फुटलेला असतो आणि पाणी त्या कडेने वाहतं. पहिला बोअर अशा कडेला लागला असेल आणि बाकीचे डाइकच्या अंगात किंवा पलीकडे गेले असतील, तर तुमची सगळी गोष्ट एकही स्वतंत्र भेग न मानता उलगडते.

डाइक शोधायला विद्युत सर्वेपेक्षा मॅग्नेटोमीटर, म्हणजे जमिनीचं चुंबकत्व मोजणारं यंत्र, बरा. डाइकची संशयित दिशा पूर्व-पश्चिम, म्हणून तुम्ही उत्तर-दक्षिण चाला, दर दोन-तीन मीटरला एक वाचन. अशा किमान तीन समांतर रेषा हव्यात, 30-40 मीटर अंतराने. प्रत्येक रेषेवर जिथे आकडा एकदम चढतो किंवा पडतो ते ठिकाण खुंटी मारून दाखवा. तीन खुंट्या एका सरळ रेघेत आल्या की डाइकची दिशा तुमच्या डोळ्यांसमोर उभी राहते. आकडा चढलाच पाहिजे असा हट्ट नको. दख्खनचा लाव्हा थंड झाला त्या काळात पृथ्वीचं चुंबकत्व उलटसुलट झालं होतं, त्यामुळे काही डाइक आकडा खाली नेतात. मोबाइल खिशात आणि लोखंडी टिकाव हातात असलेला माणूस मात्र मॅग्नेटोमीटरच्या आसपास नको.

काही जण व्हीएलएफ नावाचं हलकं यंत्र घेऊन येतात. पाणबुड्यांशी बोलण्यासाठी नौदलाची जी अतिदीर्घ लहरींची केंद्रं आहेत त्यांच्या लहरी पकडून ते भेग शोधतं. आपल्याकडचं असं केंद्र तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ विजयनारायणम इथे आहे. यंत्र चांगलं आहे, एका दिवसात पूर्ण शिवार होतं. अट अशी की भेग त्या केंद्राच्या रोखाने धावत असली तरच ती ठळक दिसते. धुळ्याहून ते केंद्र दक्षिणेला, थोडं आग्नेयेकडे. म्हणजे उत्तर-दक्षिण भेग ते छान पकडेल आणि तुमच्याकडची पूर्व-पश्चिम भेग त्याला जेमतेम दिसेल. व्हीएलएफला काही दिसलं नाही म्हणून तुमच्याकडे भेग नाही असं कोणी म्हणालं तर ते मानू नका.

तुमच्याकडे सगळ्यात मोलाची वस्तू आहे ती म्हणजे पाण्याला लागलेला पहिला बोअर. दिशा शोधण्याचं काम तिथून उलट करता येतं. मोटर काढून एक विजेची सळई बोअरमध्ये 150 फुटांवर, भेगेच्या तोंडाशी सोडायची. दुसरी सळई अर्धा किलोमीटर दूर ठोकायची. मग बोअरभोवती 5, 10, 20, 40 मीटरच्या वर्तुळांवर जमिनीचं व्होल्टेज मोजत फिरायचं. पाण्याने भरलेली भेग विजेची तारच होते, त्यामुळे समान व्होल्टेजच्या रेघा भेगेच्या बाजूने लांबतात. इथे तो विरोधाभास नाही. लांबट आकार ज्या दिशेला, तीच भेगेची दिशा. आकार एका बाजूला झुकलेला असला तर उताराचाही अंदाज येतो. केसिंग लोखंडी असेल आणि सळई केसिंगच्या आत राहिली तर वीज केसिंगमधूनच पसरते आणि सगळी मेहनत फुकट जाते. पीव्हीसी केसिंग असेल किंवा सळई केसिंगच्या बरीच खाली उघड्या खडकात असेल तरच हे करा. मला विचाराल तर तुमच्या जागेवर मी सर्वांत आधी हेच करेन.

मोटर काढलीच आहे तर बोअरमध्ये कॅमेराही सोडून घ्या. साधा कॅमेरा भेग किती फुटांवर आहे आणि पाणी कुठून येतं हे दाखवतो, पण तो लोंबकळताना फिरतो, त्यामुळे उत्तर कुठे ते कळत नाही. दिशादर्शक बसवलेला टेलिव्ह्यूअर असेल तर तो बोअरच्या भिंतीची गुंडाळी उलगडून सपाट चित्र देतो. तिरकी भेग त्या चित्रात लाटेसारखी वर-खाली जाते. लाटेचा सगळ्यात खालचा बिंदू ज्या दिशेला, तिकडे भेगेचा उतार. लाटेची उंची भागिले बोअरचा व्यास केलं की उताराच्या कोनाचा टॅन्जंट मिळतो आणि त्यावरून कोन निघतो. 6 इंची म्हणजे साधारण 15 सेंटिमीटरच्या बोअरमध्ये लाट 26 सेंटिमीटर उंच असेल तर उतार 60 अंश. याहून थेट मोजणी जमिनीखाली दुसरी नाही. उभ्या भेगा मात्र उभ्या बोअरला क्वचितच छेदतात, म्हणून कॅमेऱ्यात उभी भेग दिसली नाही याचा अर्थ ती आसपास नाही असा होत नाही. रूथ टर्झागी यांनी 1965 मध्ये या उणिवेसाठी गणिती दुरुस्ती सुचवली, ती आजही वापरतात. आणि हा दिशादर्शकही चुंबकीय असतो, केसिंगच्या आत त्याच्यावर विसंबू नये.

भूकंपलहरींच्या पद्धतींबद्दल दोनच ओळी. भेगाळ खडकातून जाताना आडव्या कंपनाची लहर दोन भागांत फुटते आणि त्यांतली वेगवान लहर भेगांच्या दिशेने कंप पावते. तेलक्षेत्रांत आणि भूकंपाच्या अभ्यासात ही पद्धत फार कामाची आहे. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपानंतर जगभर ज्याचा अभ्यास झाला त्या कोयनेत, गोठणे इथे 2017 मध्ये 3 किलोमीटरचं छिद्र पूर्ण झालं. तिथे बेसाल्टच 1,200 मीटरहून जाड निघाला, खाली ग्रॅनाइटी खडक. तसल्या कामाला ही साधनं हवीत. 12 एकरांच्या पाण्यासाठी त्यांचा खर्च करू नका.

दिशा ठरवण्याआधी एक मूळ प्रश्न मात्र स्वतःला विचारा: पाणी खरंच उभ्या भेगेतून आलं का? दख्खनमध्ये पुष्कळ पाणी आडवं असतं. दोन लाव्हा थरांच्या सांध्यात, तांबड्या मातीच्या थराच्या वर, मांजऱ्या, म्हणजे सच्छिद्र खडकाच्या आडव्या चिरांत. तसं असेल तर दिशा काढण्यात अर्थच नाही. त्यासाठी बोअरच्या नोंदी पाहा. पहिल्या बोअरला 150 फुटांवर गाडीचा हॅमर एकदम खाली बसला का, म्हणजे गाडीवाले ज्याला गॅप म्हणतात ती लागली का? की मऊ खडक सुरू होऊन पाणी हळूहळू वाढत गेलं? कोरड्या बोअरांतही 150 च्या आसपास तसाच मऊ थर लागला पण पाणी नव्हतं का? थर चारही बोअरांत आहे आणि पाणी एकाच बोअरला आहे, तर मधे काहीतरी उभं आहे, भेग किंवा डाइक. थर एकाच बोअरमध्ये असेल तर गोष्ट वेगळी आहे आणि मला ती नव्याने पाहावी लागेल.

आणि ते तीन फेल बोअर बुजवू नका. कोरडे म्हटलेल्या बोअरांत काही आठवड्यांनी थोडंफार पाणी उभं राहतंच. 1965 मध्ये पापाडोपुलोस यांनी दाखवलं की पाणी उपसणाऱ्या एका विहिरीभोवती वेगवेगळ्या दिशांना तीन निरीक्षण-विहिरी असल्या, तर पाण्याची पातळी कोणत्या दिशेने किती उतरते यावरून जमिनीखालून पाणी सहज वाहण्याची दिशा काढता येते. तुमच्याकडे त्या तीन विहिरी आयत्याच आहेत. पहिल्या बोअरची मोटर सलग 8-10 तास चालवा. पहिल्या तासात दर 5 मिनिटांनी, मग दर अर्ध्या तासाने, तिन्ही फेल बोअरांत दोरीला वजन आणि टेप बांधून पाण्याची पातळी मोजा आणि वेळेसकट लिहा. मोटर बंद केल्यावर पातळी परत चढते तीही तितकीच काळजीपूर्वक लिहा. ते आकडे, चारही बोअरांची नकाशावरची जागा, चारही बोअरांच्या फूट-फूट नोंदी आणि विहिरीतल्या भेगांचे ते 40 कोन एवढं पाठवा. मॅग्नेटोमीटर घेऊन यायचं की बोअरमध्ये सळई सोडायची, हे मी त्यावरून ठरवेन. तोपर्यंत पाचवा बोअर घेऊ नका.